‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हणजे माझ्या शेतात की नाही? मार्च-एप्रिलमधला आठवड्याचा अंदाज वाचताना

येवल्याजवळ शेती करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार एकर उन्हाळ कांदा काढणीला आलाय, मजूर रविवारपासून मिळणार आहेत. पुढच्या आठवड्याचा अंदाज असा: मंगळवार ते गुरुवार मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, विजांचा कडकडाट, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा, पिवळा इशारा. शुक्रवारपासून हवामान कोरडं आणि कमाल तापमानात २ ते ३ अंशांची वाढ. मोबाइलवरचं एक ॲप बुधवारी ४० टक्के पाऊस दाखवतं, दुसरं स्वच्छ ऊन. दिंडोरीला त्यांच्या भावाची द्राक्षबाग आहे, तिथला निम्मा माल अजून वेलीवर आहे. काढणी करू की थांबू, आणि राज्यात इतरत्र असलेल्या नातेवाइकांनी काय काळजी घ्यावी, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ज्या वाफ्यांत निम्म्याहून जास्त माना पडल्या आहेत तिथली काढणी रविवारी सुरू करा. पण मंगळवारी दुपारी बाराच्या आत जेवढा कांदा झाकून होईल, तेवढाच उपटा. तुमच्याकडे ताडपत्री किती आणि हात किती, यावर आकडा ठरवा. उरलेला कांदा शुक्रवारपर्यंत जमिनीतच राहू द्या आणि त्याला पाणी देऊ नका. जमिनीत बसलेला कांदा एखादी सर सोसतो. पात कापून उघड्यावर पडलेला कांदा भिजला, तर तो चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही, मानेपासून सडायला लागतो. भावाला सांगा, गोडी भरलेला माल सोमवार संध्याकाळपर्यंत उतरवा. द्राक्षाला कांद्याइतकी सवलत नाही. पिकलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि दोन दिवसांत कूज सुरू होते.

आता कारणं. हवामानाच्या अंदाजावरून शेतीसल्ला तयार करण्याचं काम मी पंचवीसहून जास्त वर्षं केलं आहे. या काळात सगळ्यात जास्त गैरसमज ज्या एका शब्दाने केला, तो शब्द म्हणजे ‘तुरळक’. आपण बोलताना तुरळक म्हणजे थोडंसं, किरकोळ असं धरतो. हवामान खात्याच्या पत्रकात त्याचा अर्थ निराळा आहे. तिथे तो शब्द पावसाचं प्रमाण सांगत नाही, व्याप्ती सांगतो. त्या उपविभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पाऊस किती पडेल ते पुढच्या शब्दांत असतं. हलका म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, मध्यम म्हणजे १५.६ ते ६४.४. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम’ हे वाक्य खरं ठरूनही तुमच्या वाफ्यात ४० मिलिमीटर पडू शकतात आणि शेजारच्या गावात धूळसुद्धा बसत नाही.

ही गोष्ट मला एका शेतकऱ्याने शिकवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सल्ला लिहिताना ‘तुरळक पावसाची शक्यता’ एवढंच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी मराठवाड्यातून फोन आला. हरभऱ्याची मळणी खळ्यावर उघडी होती आणि सगळी भिजली. रागावून बोलले नाहीत ते. एवढंच म्हणाले, “साहेब, तुमच्या तुरळकात मी सापडलो.” अंदाज बरोबर होता, त्याचा अर्थ सांगायचा राहिला होता, आणि ते काम माझं होतं. त्यानंतर मी तो शब्द कधीच एकटा लिहिला नाही. सोबत नेहमी लिहायचो: ‘चारपैकी एका ठिकाणापर्यंत पाऊस होऊ शकतो, ते ठिकाण कोणतं हे आज सांगता येत नाही.’

उपविभाग केवढा असतो हेही लक्षात घ्या. देशाचे ३६ हवामानशास्त्रीय उपविभाग आहेत, त्यांतले चार आपल्या वाट्याला येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे. नंदुरबारची हवा आणि सोलापूरची हवा मार्चमध्ये एकसारखी कधीच नसते. म्हणून उपविभागाचं वाक्य वाचून थांबू नका. जिल्हावार इशाऱ्यांचा नकाशा वेगळा निघतो, त्यात नाशिकचा रंग कोणता, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर आणि जळगावचा कोणता, ते बघा. येवला नाशिक जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे. तुमचं आभाळ बऱ्याचदा इगतपुरीपेक्षा वैजापूरशी जास्त जुळतं. दिंडोरीचं तसं नाही. म्हणजे तुम्ही आणि तुमचे भाऊ एकाच जिल्ह्याचा अंदाज वाचता, तरी तो दोघांना सारखा लागू पडेलच असं नाही.

अंदाजातला ‘मंगळवार’ही नीट समजून घ्यायला हवा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. पाऊसही त्याच हिशेबाने मोजतात. त्यामुळे बुधवारी पहाटे चारला पडलेली सर मंगळवारच्या अंदाजात बसते. गुरुवारपर्यंत इशारा आहे याचा अर्थ शुक्रवारी सकाळी साडेआठपर्यंत झाकण काढायचं नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. पिवळ्या रंगाला लोक ‘काही होत नाही’ समजतात, ते मला फार खटकतं. रंग ठरवताना घटना किती जोराची असेल आणि ती घडण्याची शक्यता किती, दोन्ही धरतात. शक्यता कमी म्हणून पिवळा दिला असेल, तरी ज्या गावावर तो ढग फुटेल तिथे वीज पिवळी पडत नाही.

हा पाऊस येतो कुठून, हे समजलं तर अंदाजाचं निम्मं कोडं सुटतं. होळीनंतर जमीन तापू लागते. दुपारी जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढते, पण निव्वळ उष्णतेने पाऊस होत नाही. तसं असतं तर विदर्भात मे महिन्यात रोज पाऊस पडला असता. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: खाली ओलावा, वर थंड हवा आणि हवेला ढकलून वर चढवणारं काहीतरी. ओलावा अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून येतो. वरची थंड हवा बहुतेक वेळा पश्चिमी चक्रावात घेऊन येतो. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तानमार्गे हिमालयाकडे जाणाऱ्या या प्रणाली एरवी काश्मीर, हिमाचलला पाऊस आणि बर्फ देतात. पण त्यांच्या वरच्या थरातला कमी दाबाचा पट्टा कधी कधी दक्षिणेकडे गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोंबतो. त्याच वेळी खालच्या थरात, जमिनीपासून साधारण एक किलोमीटर उंचीवर, विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकच्या अंतर्भागापर्यंत दक्षिणोत्तर एक रेषा तयार होते. तिच्या एका बाजूला कोरडे वायव्य वारे आणि दुसऱ्या बाजूला दमट आग्नेय वारे असतात. पत्रकात तिला वाऱ्यांची खंडितता किंवा कमी दाबाचा पट्टा म्हणतात. तुमच्या अंदाजाच्या मजकुरात यांपैकी काही उल्लेख आहे का बघा. वरचा चक्रावात आणि खालची रेषा असे दोन्ही उल्लेख एकत्र दिसले, तर मी तो आठवडा गांभीर्याने घेतो. फक्त ‘स्थानिक तापमानवाढीमुळे’ एवढंच असेल, तर पाऊस आणखी विखुरलेला आणि दुपारपुरता राहतो.

ही रेषा ५०-१०० किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकली की सगळं चित्र बदलतं. चार दिवस आधी ती नेमकी कुठे बसेल हे सांगणं आजही अवघड आहे. म्हणून शनिवारी दिलेल्या अंदाजात बुधवारी ‘मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा’ असं मोठं क्षेत्र येतं. तो अंदाजकर्त्याचा प्रामाणिकपणा आहे. सोमवारी तोच अंदाज आवळून येतो, आणि खरे निर्णय त्यावर घ्यायचे असतात.

गारांचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण द्राक्षबागेसाठी तो सगळ्यात मोठा आहे. गार वरच्या थरात तयार होते आणि खाली येताना वितळत जाते. जिथे तापमान शून्य अंश असतं ती पातळी मार्चमध्ये आपल्याकडे मे महिन्यापेक्षा खाली असते. एखादा जोरकस चक्रावात आला की ती आणखी खाली उतरते. वितळायला अंतर कमी मिळतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या ढगातून गार जमिनीपर्यंत पोचते आणि मे महिन्यात तेवढ्याच मोठ्या ढगातून अनेकदा नुसते टपोरे थेंब पडतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जी गारपीट झाली, तिच्यामागे हेच होतं. एकामागोमाग चक्रावात आणि खाली दोन्ही समुद्रांवरून ओलाव्याचा पुरवठा. एक दिवसाची गारपीट आपण आधीही पाहिली होती. पंधरवडाभर, विदर्भापासून सोलापूरपर्यंत, पुन्हापुन्हा असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रब्बीची पिकं, द्राक्षं, डाळिंबं, आंब्याचा मोहर, सगळं एकाच हंगामात गेलं. तेव्हापासून पत्रकात ‘गारपीट’ हा शब्द दिसला की मी बागायतदारांना फोन करून सांगत आलो: भाव कमी मिळाला तरी चालेल, तयार माल उतरवा. गारांचा पट्टा अवघा काही किलोमीटर रुंद असतो, तो कुणाच्या बागेवरून जाईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या अंदाजात गारांचा उल्लेख नाही, हे बरं आहे. सोमवारच्या पत्रकात तो येतो का, एवढं भावाला पाहायला सांगा.

दोन ॲप दोन गोष्टी सांगतात, त्याचं कारण फसवणूक नाही. बरीच खासगी ॲप एखाद्या जागतिक गणिती प्रारूपाचे (संगणकावरच्या हवामान मॉडेलचे) आकडे थेट तुमच्या पडद्यावर आणतात. कुणी अमेरिकन प्रारूप वापरतं, कुणी युरोपीय. ही प्रारूपं पृथ्वीला चौकटींत विभागतात आणि त्या चौकटी साधारण दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या असतात. वळवाचा एकटा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद, त्याचं आयुष्य तासाभराचं. असा ढग त्या चौकटीत मावून हरवतो. तरीही ॲप तुमच्या गावाचं नाव लिहून, तासातासाचं चित्र काढून दाखवतं. गावाच्या नावाने दिलेला अंदाज गावापुरता अचूक असेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण बुधवारी दुपारी तीनला येवल्यात पाऊस आहे की नाही, हे शनिवारी सांगण्याइतकी ताकद त्या आकड्यात नाही.

‘४० टक्के’चा अर्थ असा: आजच्यासारखी स्थिती असलेले दहा दिवस घेतले, तर त्यांतल्या चार दिवशी त्या जागी पाऊस होईल. दिवसाच्या ४० टक्के वेळ पाऊस, किंवा ४० टक्के जोराचा पाऊस, असा अर्थ नाही. कांदा उघड्यावर असेल तर दहातल्या चार वेळा नुकसान ही मोठी जोखीम आहे. कांदा जमिनीत असेल तर तेच चार वेळा फारसे बोचत नाहीत. टक्केवारी तीच राहते, तुमचा निर्णय मात्र भिजलं तर काय जाईल यावर बदलतो. गहू कापून पडलाय, हळद शिजवून वाळत घातली आहे, बेदाणा रॅकवर आहे, अशांसाठी मी २० टक्क्यांनाही झाकायला सांगतो. उभ्या उसाला ६० टक्के असले तरी काही करायचं नाही.

एक सवय लावून घ्या, मला तिचा फार उपयोग झाला. बुधवारचा अंदाज शनिवारी, रविवारी आणि सोमवारी, तिन्ही दिवस वहीत लिहून ठेवा. तीनदा तेच म्हटलं असेल तर विश्वास ठेवा. रोज बदलत असेल, तर ती रेषा अजून नेमकी कुठे बसणार हे प्रारूपांनाही सापडलेलं नाही, असं समजून सावधगिरीची बाजू धरा. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप आणि शेतीसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही दोन पुरेशी आहेत. मेघदूतवरचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा होतो, म्हणजे तुमच्या कामासाठी शुक्रवारचा आज हातात आहेच.

आता अंगणातल्या खुणा. आमच्या कामात आकडे कितीही आले तरी सकाळी बाहेर येऊन आभाळाकडे बघितल्याशिवाय मी पत्रक लिहिलं नाही. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पहाटेचं तापमान. लोक दुपारचं कमाल बघतात. मी किमान बघतो. आठवडाभर पहाटे १५-१६ अंश असताना दोन दिवसांत ते २०-२१ वर गेलं आणि पहाटेचा गारवा नाहीसा झाला, तर हवेत ओलावा आला आहे. ओलसर आणि ढगाळ हवा रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाही. मीठ पाणी धरायला लागतं, पापड मऊ पडतो, वाळत घातलेले कपडे रोजच्यापेक्षा उशिरा वाळतात. दुसरी खूण सकाळच्या ढगांची. सकाळी नऊच्या सुमारास मध्यम उंचीवर रांगेत, खाली सपाट आणि वर किल्ल्याच्या बुरुजांसारखी टोकं फुटलेले छोटे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे आणि दुपारनंतर गडगडाटाची तयारी समजा. तिसरी वाऱ्याची. तुमच्याकडे कोरड्या दिवसांत वारा वायव्येचा असतो. तो पडला, उकाडा वाढला आणि झुळूक दक्षिण-आग्नेयेकडून यायला लागली, तर ओलाव्याचा पुरवठा सुरू झाला. या तिन्ही खुणा मंगळवारी सकाळी एकत्र दिसल्या, तर बाराची वाट बघू नका, दहालाच झाकायला घ्या.

खुणा नाही दिसल्या तर झाकू नका असं मात्र म्हणत नाही. बाहेर ३५-४० किलोमीटरवर वाढलेला ढग तासाभरात तुमच्या डोक्यावर येऊ शकतो. मार्चमध्ये वरच्या थरातले पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे ढग बहुधा पूर्वेकडे सरकतात. मे महिन्यात हे बदलतं; पुण्याकडे तेव्हाचा वळीव पूर्वेकडून चढून येताना दिसतो. या आठवड्यात तुम्ही पश्चिमेकडे, लासलगाव-निफाडच्या बाजूला नजर ठेवा.

मोबाइलवर रडारचं चित्र बघत असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. मुंबईच्या रडारपासून येवला सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटर दूर आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि खालची पृथ्वी वळत जाते. त्यामुळे एवढ्या अंतरावर तो जमिनीपासून साधारण चार किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचा वरचा भाग त्याला दिसतो, खालचा दिसत नाही. चित्रात तुमच्यावर काही नाही म्हणून आभाळ मोकळं आहे असं धरू नका. दिसलं तर मात्र ढग चांगलाच उंच वाढलाय. अशा ठिकाणी उपग्रहाचं चित्र जोडीला घ्या: दुपारी एकनंतर एखादा पांढरा ठिपका दर अर्ध्या तासाला मोठा होत चाललाय का, एवढंच बघायचं. हवामान खातं तीन तासांचा तात्कालिक इशाराही देतं, जिल्ह्याच्या नावाने. मंगळवार ते गुरुवार तो दुपारी दोन, पाच आणि रात्री आठला नक्की तपासा.

आता ज्यासाठी हे सगळं एवढं लांबवलं, ते सांगतो. कांद्याची पोळ (काढलेल्या कांद्याचा रचलेला ढीग) उघडी आहे, पश्चिमेला काळं झालंय, पहिला गडगडाट ऐकू आला आणि घरातली सगळी माणसं ताडपत्री घेऊन शेताकडे धावली. दरवर्षी या हंगामात वीज पडून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांतल्या कितीतरी अशाच वेळच्या असतात: माल झाकताना, जनावरं सोडवून आणताना, झाडाखाली थांबलेलं असताना. मी अशा दोन घरांना भेटायला गेलो आहे. त्यानंतर ‘मंगळवारी बाराच्या आत’ हे शब्द मी अतिशय आग्रहाने सांगतो. झाकायचं ते आभाळ भरायच्या आधी. गडगडाट ऐकू आल्यानंतर भिजेल तो कांदा भिजू द्या.

वीज चमकली की मोजायला लागा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या शिवारात पडू शकते. पक्क्या घरात जा, किंवा काचा बंद करून चारचाकी गाडीत बसा. पत्र्याची उघडी शेड, कांद्याची चाळ, ट्रॅक्टर, एकटं उभं झाड, विहिरीचा काठ, तारेचं कुंपण यांच्यापासून लांब. उघड्यावर सापडलातच तर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. ते तुमच्याच नव्हे, मजुरांच्या मुकादमाच्या फोनवरही टाका. आणि पाऊस येण्याआधी जो गार वारा धुळीचा लोट घेऊन येतो, त्याच्यानंतर फार तर दहा-पंधरा मिनिटं हाताशी असतात. त्या वेळात फक्त माणसं घरात घ्यायची.

बाकी महाराष्ट्राचं थोडक्यात सांगतो, कारण नातेवाइकांसाठीही विचारलंय. अशी रचना असेल तेव्हा मराठवाड्यात, विशेषतः परभणी, हिंगोली, नांदेडकडे, पाऊस तुमच्यापेक्षा एखादा दिवस उशिरा सरकतो आणि हळद वाळत घातलेल्यांनी तेवढीच काळजी घ्यायची. विदर्भात वादळी वारा अधिक जोराचा असू शकतो; संत्र्याची आंबिया बहाराची फळं लहान असताना गळतात. कोकणात या आठवड्यात पावसापेक्षा उकाड्याचा त्रास. तिथलं दुपारचं तापमान समुद्रावरचा वारा किती वाजता सुरू होतो यावर ठरतं. बाराच्या आत आला तर ३२-३३ अंशांवर निभावतं, पूर्वेच्या वाऱ्यांनी त्याला दुपारपर्यंत रोखून धरलं तर पारा ३८-३९ ला भिडतो. मुंबईत सांताक्रूझला मार्च १९५६ मध्ये ४१.७ अंश नोंदले गेले होते, तेही असंच.

शुक्रवारनंतरची २ ते ३ अंशांची वाढ मला पावसाइतकीच महत्त्वाची वाटते. चक्रावात पूर्वेला निघून गेला की मागून कोरडे वायव्य वारे येतात. पहिल्या दिवशी सकाळ किंचित गार लागते, मग आभाळ स्वच्छ असल्याने पारा भराभर चढतो. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश गाठून सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात; किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ ची आहे. तुमच्याकडे लाट येईल असं या अंदाजात नाही. पण पावसाच्या ओलीवर अचानक कडक ऊन पडलं की उघडा कांदा भाजतो, साल सुटते. शुक्रवारी ताडपत्री काढाल तेव्हा कांद्यावर त्याचीच पात पसरलेली राहू द्या. खरं तर बुधवारपासूनच, पाऊस नसलेल्या सकाळी ताडपत्रीची दोन्ही तोंडं तासभर उघडत जा, नाहीतर आत घाम धरून कांदा तापतो. दुपारच्या आत पुन्हा बंद.

तर तुमचा आठवडा असा जाईल. रविवारी सकाळी माना पडलेल्या वाफ्यांतून काढणी सुरू, पातीसकट ओळीने पसरून. सोमवारी संध्याकाळी नवं पत्रक बघा; त्यात ‘तुरळक’च्या जागी ‘काही ठिकाणी’ झालं, किंवा रंग केशरी झाला, किंवा गारांचा उल्लेख आला, तर मंगळवारची काढणी रद्द करा आणि मजुरांना झाकायच्या कामाला लावा. पत्रकातून नाशिक वगळलं गेलं, तरीही मंगळवारी झाकाच; बुधवारी मात्र थोडी मोकळीक घ्यायला हरकत नाही. पोळ घालताना उंचवट्याची जागा घ्या आणि ताडपत्रीच्या चारी कडांना मातीच्या पोत्यांचं वजन ठेवा. ताशी ४० किलोमीटरचा वारा नुसत्या दगडांनी दाबलेली ताडपत्री उचलून नेतो. शुक्रवारी सकाळी साडेआठनंतर उघडा, दोन दिवस वाऱ्यावर सुकू द्या, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा आणि सावलीत हलवा. उरलेले वाफे शनिवारी उपटता येतील, माती वाफशावर आली असेल तर. बोटाने दोन इंच उकरून बघा. माती बोटाला चिकटत असेल तर आणखी एक दिवस थांबा.